राणीचे ओठ

मिरज,
८ जानेवारी २०२५

प्रिय किशोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नाकडे वळण्याआधी एक कोडे घालते. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवताना माझी हीच खोड होती, तुला आठवत असेल. देव्हाऱ्यातले किंवा आजीच्या डब्यातले इंग्रजी अमदानीचे रुपये तू पाहिले असशील. त्यांवर व्हिक्टोरिया राणी डावीकडे पाहते, तिचा मुलगा एडवर्ड उजवीकडे आणि नातू जॉर्ज पुन्हा डावीकडे. असे का?

पुष्कळांना ही कोरणाऱ्याची लहर वाटते. ती लहर नव्हे. नव्या राजाने आधीच्या राजाच्या उलट दिशेला पाहावे, हा इंग्रजांचा साडेतीनशे वर्षांचा रिवाज आहे. गेल्या शतकात तो एकदा थोडा विस्कटला, पण मोडला नाही. गेलेल्याकडे पाठ करूनच पुढचा सिंहासनावर बसतो. आपल्याकडेही स्मशानातून परतताना मागे वळून पाहत नाहीत. दोन्ही गोष्टींचा परस्परांशी संबंध नाही, तरी नाणी मांडताना मला दरवेळी हे आठवते.

आता तुझे पत्र. मी ते नीट समजून घेतले आहे की नाही, ते तपासण्यासाठी माझ्या शब्दांत मांडते. तुझे वडील बळीराम आषाढात गेले. तुमच्या घरात पिढ्यान्पिढ्या एक सोन्याची गिनी आहे आणि माणूस गेला की ती त्याच्या ओठांवर ठेवतात. तुझी आई, भामाबाई, म्हणतात की ती गिनी कुणीतरी बदलली, खोटे नाणे वडिलांच्या ओठांना लागले आणि म्हणून ते अजून गेलेलेच नाहीत. त्यांना डायलिसिसची तातडीने गरज आहे; पण ‘आधी त्याला सोडवा, मग मी दवाखान्यात येते’ असे म्हणून त्या बसून आहेत. म्हणजे गिनी खरी की खोटी, यावर तुझ्या आईचे प्राण अवलंबून आहेत. डॉक्टरांनी दिलेली मुदत तू लिहिली आहेस. ती मी इथे पुन्हा लिहीत नाही.

गिनीचा फोटो काढायचा नाही आणि ती उंबऱ्याबाहेर न्यायची नाही, हा तुमचा नियम आपण पाळू. फोनवर मला धड ऐकू येत नाही, तेव्हा सारे पत्रानेच होऊ दे. बटर पेपर नाण्यावर ताणून धर आणि मऊ पेन्सिलीची बाजू त्यावर हलकेच घास. दोन्ही बाजूंचे ठसे पाठव. एक छोटा डिजिटल काटा मागव. तू तळोज्याला प्रयोगशाळेत काम करतेस, त्यामुळे मोजमाप कसे घ्यायचे हे तुला शिकवण्याची गरज नाही.

तुझी,
अरुंधती लेले

*

कोन, ता. पनवेल,
१९ जानेवारी २०२५

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

ठसे सोबत पाठवत आहे. ते घेताना आई खाटेवरून माझ्या हाताकडे बघत होती.

“फोटू नाय ना काढत?”

“नाही गो आये. कागद घासतेय.”

“घास. पन राणीला दुखवू नको.”

आमच्याकडे तिला गिनी म्हणत नाहीत, राणी म्हणतात. आमची मिठागरे उरणच्या खाडीवर होती. जमीन गेल्यावर अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, इथे कोनला घर बांधले, पण राणी पूर्वीसारखीच मिठाच्या बरणीत राहिली. घरातले माणूस गेले की मोठी सून तिला बरणीतून काढते आणि मेलेल्याच्या ओठांवर पालथी ठेवते, राणीचे तोंड माणसाच्या तोंडाला लागेल अशी. तिरडी उचलण्याआधी ती काढून घ्यायची, खाऱ्या पाण्यात धुवायची आणि परत मिठात पुरायची. आई म्हणते, माणसाच्या छातीत शेवटचा एक श्वास उरतो, तो राणी काढून घेते. कुणी घेतला नाही, तर माणूस तो हातात धरून दारात उभा राहतो.

आषाढात आई स्वतः तापाने पडून होती. म्हणून सगळे समृद्धीने केले, म्हणजे माझा भाऊ सुशांत याच्या बायकोने. ती डोंबिवलीची, पनवेलला बँकेत आहे. तेव्हापासून आई तिच्या हातचे पाणीसुद्धा घेत नाही. परवा तोंडावर म्हणाली, “तुज्या हातात बरणी दिली नि माजी राणी गेली.”

समृद्धी हसली. “आई, मला चोरीच करायची असती तर मी बँकेत आहे की!”

सुशांतही हसला. आई हसली नाही.

बाई, एक गोष्ट आधीच्या पत्रात लिहायची राहिली, किंवा मीच टाळली. ठसा घेण्यासाठी बरणीत हात घातला तेव्हा मीठ गार होते. राणी गार नव्हती.

आपली,
किशोरी

*

मिरज,
२८ जानेवारी २०२५

प्रिय किशोरी,

ठसे मिळाले आणि खरे सांगते, दोन दिवस मी दुसरे काही केले नाही! काय सुंदर नाणे आहे ग. आधी नाव दुरुस्त करू. लोक याला गिनी म्हणतात, पण खरी गिनी पाडणे दोनशे वर्षांपूर्वीच थांबले. हे तिच्या जागी आलेले सॉव्हरिन. राणीच्या मानेखाली १८७१ हा आकडा स्पष्ट उठला आहे. मागे मुकुटाची ढाल आहे आणि ढालीखाली एक अगदी बारीक अंक. हा अंक लंडनच्या टांकसाळीत त्या काही वर्षांतच घालत असत. कोणत्या साच्याने नाणे पाडले, ते त्यावरून कळावे म्हणून. बाजारातले नकलाकार तारीख आणि मुकुट विसरत नाहीत. हा अंक मात्र पुष्कळदा विसरतात.

दुसरी खूण. राणीचे मस्तक सरळ ठेवून नाणे वरच्या आणि खालच्या कडेला दोन बोटांत धर, आणि दारासारखे फिरव. आपला दहा रुपयांचा शिक्का असा फिरवला तर मागची बाजूही सरळच दिसते. तुझ्या नाण्यावर ढाल उलटी दिसायला हवी. तू दोन्ही ठशांवर ‘वर’ अशी खूण केली आहेस, त्यावरून ती तशीच आहे.

तिसरी खूण तुमच्या घरानेच करून ठेवली आहे. पितळेवर सोन्याचा मुलामा असता, तर कोकणातल्या दमट मिठाने त्याला केव्हाच हिरवे केले असते. तुमच्या पूर्वजांनी नाणे मिठात ठेवून त्याची रोजच परीक्षा घेतली म्हणायची.

आता वजन कर. मग काट्यावर पाण्याची वाटी ठेवून काटा शून्यावर आण आणि नाणे दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडव, पण तळाला टेकू देऊ नको. काटा जेवढे ग्रॅम दाखवील, तेवढे त्याचे आकारमान घनसेंटिमीटरमध्ये. वजनाला त्याने भाग. साडेसतराच्या आसपास उत्तर आले, तर आईला निःशंक सांग की राणी खरी आहे.

एका गोष्टीने मात्र मी घुटमळले. नाणे झिजते ते उंचवट्यावर: कानावरचे केस, भुवई, गाल. ओठ सखल भागात असतात, ते सर्वांत शेवटी झिजतात. तुझ्या ठशात केसांची रेघ न् रेघ आहे आणि ओठ मात्र अर्धे पुसलेले. अर्थात कारण तूच लिहिले आहेस: इतक्या पिढ्यांचे ओठ या ओठांना लागले.

ऊबेचे मनावर घेऊ नको. सोने उष्णतेचे उत्तम वाहक. तुझ्या बोटांची ऊब त्याने क्षणात घेतली असणार. खात्री हवी तर पहाटे, बोट न लावता, कागदाने उचलून ओठांना लाव. ओठ बोटांपेक्षा संवेदनशील असतात. थंड लागेल.

आमचे हे गेले तेव्हा आम्ही देहदान केले. कसलाही विधी नाही, सोने नाही, तुळस नाही. ती त्यांचीच इच्छा होती. तेव्हा या विषयात मी परकीच. पण नाण्याच्या बाबतीत माझ्यावर विश्वास ठेव.

तुझी,
अरुंधती लेले

*

कोन,
९ फेब्रुवारी २०२५

आदरणीय बाई,

उत्तर साडेसतराच्या अगदी जवळ आले. नाणे फिरवले तर ढाल उलटी दिसते. राणी खरी आहे.

मी धावत आईकडे गेले. तिने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली, “खरी हाय ना? मंग ती तेच्या ओठाला लागलीच नाय.”

समृद्धी दारात उभी होती. ती एकदम खाली बसली. “आई, गिनी ठेवायची हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. सगळे म्हणाले, तोंडात सोनं ठेव. आमच्याकडे तुळशीच्या पानाबरोबर सोन्याचा कण ठेवतात. तो परत काढत नाहीत. मी माझ्या कानातल्याचा मणी ठेवला. बरणी आवरायला दिली होती असं वाटलं, म्हणून फळीवर ठेवली.”

बाई, चूक कुणाची म्हणायची? तिने तिच्या माहेरचे सारे नीट केले होते. स्वतःच्या कानातले मोडून केले होते. आई म्हणाली, “माजीच चूक. शिकवायला नको होतं का मी? ये पोरी, पानी दे.” आषाढानंतर पहिल्यांदा तिने समृद्धीच्या हातून पेला घेतला. पण दवाखान्याचे नाव काढले, तर मान हलवते. पाय सुजून खांबासारखे झाले आहेत.

“तुजा बापूस श्वास धरून उभा हाय नि मी सुया टोचून घेऊ?”

तुम्ही सांगितलेली ओठांची परीक्षा मी केली नाही. राणी तोंडाजवळ नेली तशी आईने खाटेवरून माझे मनगट पकडले. इतकी ताकद तिच्यात उरली आहे हे मला माहीत नव्हते. “जित्यानं लावायची नाय. तेचा श्वास तुला लागंल.”

म्हणून प्रयोगशाळेतला तारेचा तापमापक घरी आणला आणि पहाटे मिठात खोचला. एकोणीस अंश. मग तार राणीला टेकवली. चौतीस.

तीनदा केले. चौतीस.

तुमच्या सांगण्याशिवायच दुसरा ठसाही घेतला आहे. सोबत आहे.

आपली,
किशोरी

*

मिरज,
१७ फेब्रुवारी २०२५

प्रिय किशोरी,

या वेळी उत्तराला उशीर केला, कारण घाईने लिहिले असते तर खोटे लिहिले असते.

दोन्ही ठसे मी खिडकीच्या काचेवर एकावर एक धरले. पहिल्यात ओठ अर्धे होते. दुसऱ्यात ते नाहीत. हनुवटी आणि नाक यांच्यामध्ये नुसता गुळगुळीत कागद आहे. पहिला विचार आला की या वेळी पेन्सिल हलकी लागली असेल. पण मग केसही पुसट यायला हवे होते; ते तर पहिल्यापेक्षा ठसठशीत आहेत. कागद जाड असता तर ढालीखालचा बारीक अंक बुजला असता. तोही वाचता येतो. ज्या एका जागी उंचवटा नाही, नेमकी तीच जागा, मिठात पुरलेल्या नाण्यावर, तीन आठवड्यांत झिजली आहे. सोने इतक्या लवकर झिजत नाही. झिजायला त्याला काहीतरी सतत लागावे लागते.

आणि तो आकडा. मिठातली वस्तू मिठाइतकीच गरम असायला हवी; दुसरीकडून ऊब मिळाल्याशिवाय ती पंधरा अंशांनी वर राहू शकत नाही. चौतीस अंश म्हणजे काय, हे मी कित्येक वर्षे मुलांना फळ्यावर लिहून दिले आहे. जिवंत माणसाच्या ओठांचे तापमान साधारण तेवढे असते.

माझ्याजवळ स्पष्टीकरण नाही. पद्धत मात्र आहे, ती सोडू नये. दहाचा एक शिक्का राणीशेजारी त्याच मिठात पूर. पहाटे दोन्हींचे तापमान घे. दोन्ही उबदार निघाले, तर कारण बरणीत आहे: ओल, सूर्यप्रकाश, पलीकडची भिंत, काहीही. एकच उबदार निघाले, तर कारण बरणीत नाही.

समृद्धीला माझा नमस्कार सांग. आणि किशोरी, काहीही कर, पण आईला दवाखान्यात ने.

तुझी,
अरुंधती लेले

*

कोन,
६ मार्च २०२५

आदरणीय बाई,

दहाचा शिक्का एकोणीस. राणी चौतीस.

हे मी आईला सांगणार नव्हते, पण तिने विचारले आणि माझ्या तोंडाकडे पाहूनच तिला उत्तर मिळाले. म्हणाली, “आन ती हितं.”

मला वाटले, हातात धरायची असेल. समृद्धीने मीठ झटकून राणी तिच्या तळहातावर ठेवली. आईने ती बोटांनी चाचपली, पालथी केली, आणि आम्हाला काही कळायच्या आत दोन्ही हातांनी ओठांवर दाबली.

“आये!” मी ओरडले. सुशांत धावत आला.

तिने डोळे मिटले होते. मग तिने श्वास आत घेतला. बाई, तिच्या छातीत पाणी झाले आहे, दोन शब्द बोलली तरी दम लागतो. तो श्वास संपेचना. एवढ्याशा छातीत तो मावला कसा, मला सांगता येणार नाही. मग तिने तो सोडला आणि खोलीभर भरतीच्या चिखलाचा, ओल्या मिठाचा वास आला. एक्स्प्रेसवेवरून येणाऱ्या धुराचा वास मला रोजचा. हा वास माझ्या लहानपणी अण्णांच्या बनियनला यायचा.

तिने राणी माझ्या हातावर ठेवली. बर्फासारखी.

“घेतला,” ती म्हणाली. “चल आता. गाडी काढा.”

त्याच दिवशी तिला पनवेलला दाखल केले. आतापर्यंत चार वेळा डायलिसिस झाले. डॉक्टर म्हणतात, एवढ्या उशिरा आलेले रुग्ण सहसा अशी उभारी धरत नाहीत. परवा ती घरी आली, भाकरी मागून घेतली. समृद्धीशी तिचे गूळपीठ जमले आहे. बरणी कशी उघडायची, कुठल्या हाताने काढायची, सारे तिला शिकवते. आम्ही जिंकलो, असे म्हणायला हवे.

पण काल स्वयंपाकघरात आली. मिठाच्या पिशवीत करंगळी बुडवली, जिभेला लावली, डोळा बारीक केला आणि म्हणाली, “दुसऱ्या पान्याचं हाय. भेसळ केलीन.” अण्णा असेच मीठ पारखायचे. आई कधी मिठागरावर उतरलेलीच नाही.

आणि जाता जाता मला म्हणाली, “किशा, दार लोट.”

मला किशा फक्त अण्णा म्हणायचे.

राणी रोज पहाटे मोजते. एकोणीस, वीस. मिठाएवढीच. तिसरा ठसाही घेतला, पाठवत नाही. त्यात ओठ आहेत, बाई. अगदी पूर्ण आहेत, आणि थोडे मिटलेले.

आता मी काय करू?

आपली,
किशोरी

*

मिरज,
१४ मार्च २०२५

प्रिय किशोरी,

काही करू नकोस. आई जेवते, चालते, सुनेशी बोलते, सुया टोचून घेते. तुला जे वाचवायचे होते ते वाचले. त्यांच्या छातीत एक श्वास जास्त आहे, एवढाच काय तो फरक. त्यांनी किशा म्हटले की ओ देत जा. दार लोट म्हटले की लोट. मोजमापे मात्र आता थांबव; ज्या परीक्षेचे उत्तर मिळाले आहे, ती पुन्हा पुन्हा घेतली की ती परीक्षा राहत नाही, छळ होतो.

राणीला आई म्हणतील तशी मिठात राहू दे. कधी काळी कुणी विचारले, तर सांग की १८७१चे, ढालीचे, लंडनचे, अस्सल नाणे आहे. हे मी कुठल्याही तज्ज्ञापुढे छातीठोकपणे सांगेन.

माझ्याकडेही एक सॉव्हरिन आहे, पाचव्या जॉर्जचे. आमच्या ह्यांनी मला लग्नात दिले होते. ते गेल्यापासून मखमलीच्या खणात होते, मी ते उघडलेही नव्हते. तुझे पत्र आले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे मी तो खण उघडला आणि प्रयोग केला. तापमापक माझ्याकडे नाही, म्हणून माझ्याच जानेवारीअखेरच्या पत्रातल्या, ओठांच्या पद्धतीने केला. निकाल लिहीत नाही. उत्तर आधी सांगितले की विद्यार्थी मोजत नाही, नुसता मान डोलावतो.

यापुढे पत्रांचा खटाटोप नको. खुशाल फोन करत जा. गेल्या आठवड्यापासून मला पुन्हा स्वच्छ ऐकू येऊ लागले आहे. शेजारच्या घरात कप ठेवला तरी कळते. आमच्या ह्यांचे कान शेवटपर्यंत असेच तीक्ष्ण होते.

तुझ्या प्रयोगशाळेतल्या मुलींनी विचारले, तर त्यांना घरी करण्याजोगी एक सोपी परीक्षा सांगून ठेवते. तिला काटा लागत नाही, पाणी लागत नाही, सोनेही लागत नाही. दोन नाणी घ्यावीत. एक रोजच्या पाकिटातले. दुसरे, घरातून गेलेल्या कुणाच्या तरी हातचे, मग ते साधे चार आण्यांचे का असेना. रात्री दोन्ही फरशीवर शेजारी शेजारी ठेवावीत. पहाटे, घरात कुणी उठण्याआधी, बोट न लावता कागदाच्या घडीने उचलावीत, आणि आधी रोजचे, मग दुसरे, ओठांना लावावे.

दोन्ही सारखीच थंड लागली पाहिजेत.

तुझी,
अरुंधती लेले